गोकुळात दुधाचे वावडे

मराठी भाषेतून ‘दूध’ हा शब्द काढून टाका आणि मग एखाद्या भरल्या घराचे वर्णन करून दाखवा पाहू! जमायचे नाही. घर संपन्न असले की तिथे दूधदुभते असते. आनंदात आनंद मिसळला की दुधात साखर पडते. लहान मुलाचे पहिले दात दुधाचे. नातवंडे म्हणजे दुधावरची साय. नव्या घरात राहायला जाताना आपण आधी शेगडीवर दूध उतू जाऊ देतो. आणि ज्याचे तोंड एकदा पोळले, तो ताकसुद्धा फुंकून पितो! त्यातून आपला देश दुधाच्या उत्पादनात १९९८पासून जगात पहिला. अशा या गोकुळात एखादे मूल असे जन्माला आले, की ज्याला दुधाचा एक चमचाही सोसत नाही, तर त्याच्या आईने काय करावे?

हा प्रश्न मी गेली पाच वर्षे रोज सोडवते आहे. आमच्या सईला दुधाचे वावडे आहे. “नाव ठेवलं सई आणि वावडं मात्र सायीचं!” असे आमचे मामंजी म्हणतात. विनोद त्यांचा आहे, पण पहिल्यांदा तो त्यांनी केला तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होते.

‘वावडे’ हा आपला जुना आणि नेमका शब्द. हल्ली त्याऐवजी आपण ‘अ‍ॅलर्जी’ म्हणतो आणि तो शब्द इतका स्वस्त झाला आहे, की कुणाला गणिताची अ‍ॅलर्जी असते, कुणाला पाहुण्यांची. त्यामुळे “सईला दुधाची अ‍ॅलर्जी आहे” असे सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटते, कार्टीला दूध आवडत नाही. लाडावून ठेवली आहे झाले! म्हणून मी पुन्हा ‘वावडे’वर आले आहे. त्या शब्दाचा अजून थोडा धाक आहे.

चांदीच्या वाटीतली खीर

पहिले सहा महिने सई नुसत्या अंगावरच्या दुधावर होती आणि चांगली बाळसेदार होती. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून सातवा लागल्यावर आम्ही मुहूर्त धरला. मामाच्या हातून पहिला घास, म्हणून माझा भाऊ सांगलीहून आला. येताना त्याने आमच्या माहेरच्या म्हशीचे दूध आणले होते. त्या दुधाची दाट खीर, चांदीची वाटी, सोन्याची अंगठी, सगळे यथासांग होते. सईने दोनदा जिवणी चाटली, हसली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटांत तिच्या तोंडाभोवती लाल कडे दिसू लागले. मग गालावर, मानेवर, पोटावर गांधी उठल्या. वरचा ओठ सुजून वर आला आणि पोटात गेलेले सगळे भडभडून ओकून तिने मान टाकली. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले वेलदोडा बाधला. ह्यांनी मात्र तिला उचलले आणि जवळच्या डॉक्टरांकडे नेले. सुदैवाने श्वासाला त्रास झाला नव्हता. औषधाने संध्याकाळपर्यंत गांधी बसल्या, आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांसमोर बसलो.

त्यांनी आधी तासभर नुसते प्रश्न विचारले. काय खाल्ले, किती खाल्ले, किती मिनिटांनी काय झाले? मग सईच्या पाठीवर दुधाच्या अर्काचा एक थेंब ठेवून त्यातून सुईचे टोक हलकेच टोचले. पंधरा मिनिटांत तिथे डास चावल्यासारखी फुगोटी आली. रक्ताचीही तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “ही चाचणी एकटी काही सांगत नाही. काहीही त्रास नसलेल्या मुलांचीही ती कधी कधी अशी येते. पण तुमची हकीकत आणि ही चाचणी एकमेकींशी जुळतात.”

दोन निराळी दुखणी

इथे एक गोष्ट वाचकांना मुद्दाम सांगायला हवी, कारण ती मला भेटणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसते. दूध न सोसणे हे दोन प्रकारचे असते. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा पाचकरस आतड्यात कमी पडला, की पोट फुगते, गुबारा धरतो, जुलाब होतात. हा पचनाचा प्रश्न. मोठ्या माणसांत तो पुष्कळ आढळतो. त्रास होतो, पण जिवावर बेतत नाही, आणि अशा माणसाला दही किंवा ताक बहुधा चालते.

सईचे तसे नाही. तिचे भांडण दुधातल्या प्रथिनांशी आहे. दुधाचा चोथा बनवणारे केसीन आणि निवळीत उतरणारी व्हे प्रथिने, ही तिच्या शरीराला शत्रू वाटतात. आपल्या रक्तात रोगजंतूंशी झगडणारी जी पहाऱ्याची व्यवस्था असते, तिने एका सभ्य पाहुण्याला दरोडेखोर समजून धोक्याची घंटा वाजवावी, तसा हा प्रकार. आणि एकदा घंटा वाजली, की घंटा वाजवणाराच घराची मोडतोड करतो! मग ते दूध असो, दही असो, पनीर असो, की तुपात राहिलेला बेरीचा अंश असो.

काही मुलांना हा त्रास असा झटपट न होता तासांनी किंवा दिवसांनी होतो. शौचावाटे रक्त जाते, इसब वाढते, वजन भरत नाही. तो याच दुखण्याचा दुसरा अवतार, आणि ओळखायला अधिक अवघड.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या डॉक्टरांनी घडवला आणि ते लहान मुलांचेच डॉक्टर होते, हे वाचून मला त्यांच्याविषयी उगीचच आपलेपणा वाटला. त्याआधी चार वर्षे पॅरिसच्या शार्ल रिशे यांनी या दुखण्याच्या सर्वांत भयंकर रूपाला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले होते. त्या कामाबद्दल त्यांना १९१३चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातला तो उतावळा पहारेकरी नेमका कोण, हे मात्र १९६६-६७ साली कळले. अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी पतिपत्नींनी आणि स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी तो स्वतंत्रपणे शोधला. त्याचे नाव ‘आयजीई’. सईच्या तपासणीच्या कागदावर दर वर्षी जो आकडा आम्ही धडधडत्या छातीने पाहतो, तो याचाच.

माझ्या दुधाचे काय, हा माझा पहिला प्रश्न होता. डॉक्टरांनी ते खुशाल चालू ठेवायला सांगितले. मी सहा महिने चहा-दूध-दही सगळे घेत असूनही सईला काही झाले नव्हते, तेव्हा मी माझे खाणे बदलायची गरज नव्हती. सगळ्यांचेच असे नसते. ज्या बाळाला आईच्या अंगावरच्या दुधातूनही त्रास होतो, त्याच्या आईला दूधदुभते सोडावे लागते. ज्या बाळाला वरचे दूध द्यावेच लागते, त्याच्यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर मिळते. ती महाग असते आणि ती कोणती घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. बदामाचे किंवा तांदळाचे ‘दूध’ हे वर्षाच्या आतल्या बाळाचे मुख्य अन्न होऊ शकत नाही. त्यावर बाळ वाढवायला गेलेल्यांची मुले कुपोषित झाल्याची उदाहरणे आहेत.

सल्ल्यांचा महापूर

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. “गायीचं नको ना? मग शेळीचं द्या. गांधीजी तेच प्यायचे!” “जर्सीचं बाधत असेल, गीर गायीचं आणून बघा.” “तीनदा उकळून द्या.” “हळद घालून द्या.” एक शेजारीण तर दारावरून ‘गाढविणीचं दूध’ अशी आरोळी देत जाणाऱ्या बाईला थेट आमच्या जिन्यापर्यंत घेऊन आली.

या सगळ्यांत सद्भाव होता, पण शास्त्र नव्हते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली प्रथिने सख्ख्या बहिणींसारखी असतात. गायीचे दूध न सोसणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांहून अधिक मुलांना शेळीचेही सोसत नाही. गाढविणीचे आणि उंटिणीचे दूध जरा दूरच्या नात्यातले. पण म्हणून घरी प्रयोग करावा असे मुळीच नाही. आणि उकळण्याचे म्हणाल, तर केसीन हे फार चिवट. ते नुसत्या उकळीला दाद देत नाही.

सर्वांत धोक्याचा सल्ला होता तो असा, “रोज थेंब-थेंब चाटवा, अंगवळणी पडेल.” अशा तऱ्हेचे उपचार आहेत खरे. पण ते मोजून-मापून, अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतात. घरच्या चमच्याने केले तर तो विस्तवाशी खेळ आहे.

कोकणाने तारले

आमच्या घरात खरा पेच तुपाचा होता. सासूबाईंना दूध नाही, दही नाही, हे पटले. पण “तूप म्हणजे काही दूध नव्हे. वरणभातावर धार नाही धरायची, तर तो वरणभात कसला?” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना घेऊनच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना विचारले, “आजी, लोणी कढवल्यावर तळाला बेरी राहते ना? ती कशाची?” सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “दुधाचीच की!” तुपात त्या बेरीचा थोडासा अंश उरतो, आणि सईसारख्या मुलीला तेवढाही पुरतो. घरी आल्यावर त्यांनी तुपाची बरणी आपल्या हातांनी वरच्या फळीवर ठेवली. पुन्हा त्यावर वाद झाला नाही.

पण सईला मी सकाळी नाचणीचे सत्त्व पाण्यात शिजवून भरवू लागले, तेव्हा त्यांच्याने राहवले नाही. “अश्वत्थाम्याला पीठ कालवून दूध म्हणून पाजलं होतं, तसं वाटतं गं मला हे,” असे म्हणून त्या आत निघून गेल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी. सकाळी उठल्या त्या नारळ फोडायला बसल्या.

सासूबाई गुहागरकडच्या. माझे माहेर घाटावरचे, खव्या-बासुंदीचे, त्यांचे नारळाचे. घाटावरची दिवाळी-दसरा दुधातुपावाचून सुना. पण कोकणात गोडधोडाचा निम्मा संसार नारळाच्या रसावर चालतो. तांदळाचे शिरवाळे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, खांडवी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, उकडीचे मोदक. वरून तूप सोडले नाही, तर यांत दुधाचा थेंब नाही. कढीच्या जागी सोलकढी आली. “आमच्या लहानपणी दूध होतंच कुठं एवढं? नारळावरच वाढलो,” असे त्या सांगू लागल्या. सईचे दुसऱ्या वर्षीचे वाढदिवसाचे जेवण म्हणजे अस्सल गुहागरी थाट होता, आणि पाहुण्यांच्या लक्षातही आले नाही की पानात दूध-तूप नाही.

मात्र नारळाचा रस जिभेला दुधाची आठवण करून देतो, शरीराला नाही. त्यात कॅल्शियम नगण्य. म्हणून हिशेब मांडावा लागतो. १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे आपल्याकडचे आहारशास्त्रज्ञ सांगतात. १०० ग्रॅम गायीच्या दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे, आणि तिळात तर हजाराच्याही वर. कागदावर नाचणी-तीळ जिंकतात! पण दोन वर्षांचे मूल शंभर ग्रॅम नाचणी खात नाही, आणि धान्यातले सगळे कॅल्शियम अंगीही लागत नाही. म्हणून नाचणी, तिळाचे कूट, राजगिरा, शेवग्याचा पाला हे सगळे देऊनही वर डॉक्टरांनी सांगितलेले कॅल्शियमचे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे औषध चालू ठेवावे लागते.

दुसरी अडचण ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाची. ते वनस्पतीत नसते. शाकाहारी घरात ते दुधातूनच मिळते. दूध गेले की तेही गेले. त्याचे थेंब सईला देतोच. शिवाय डॉक्टरांनी अंडे सुचवले. सोवळ्याच्या घरात अंडे! सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तोड काढली, “गॅलरीत शेगडी मांडा, तवा निराळा ठेवा, आणि मला वास येऊ देऊ नका.” तेव्हापासून आमच्या गॅलरीत तुळशीपासून चार हात अंतरावर अंडी शिजतात.

बारीक अक्षरांची विद्या

घराबाहेरचे जग सांभाळायचे तर वाचन वाढवावे लागते. माझे वाचन म्हणजे पुड्यांच्या पाठीमागची बारीक अक्षरे. दूध किती वेषांनी वावरते हे मला तिथे कळले. केसिनेट, व्हे पावडर, मिल्क सॉलिड्स, बटर ऑइल! बिस्किटात ते आहे, पावात आहे, आणि मसालेदार वेफर्सवरच्या भुकटीतही कधी कधी आहे. च्यवनप्राशात तूप असते. काही औषधांतही दुधापासून काढलेले लॅक्टोज असते, म्हणून प्रत्येक नव्या औषधाच्या वेळी औषधवाल्याला विचारावे लागते.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा आम्हाला काही उपयोग नाही, दूध शाकाहारीच! उपयोग होतो तो दुसऱ्या ओळीचा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, मासे, गहू अशा वावडे ठरणाऱ्या पदार्थांचा उल्लेख पाकिटावर वेगळा करावा लागतो. ‘कंटेन्स मिल्क’ ही ती ओळ. २०२२पासून प्राणिज घटक नसलेल्या पदार्थांसाठी वेगळे ‘व्हेगन’ चिन्हही आले आहे. पण ज्या कारखान्यात शेजारच्या यंत्रावर दुधाची बिस्किटे निघतात, तिथला कण उडून यायचा तो येतोच. तेव्हा चिन्ह पाहून थांबू नये, खालची ओळही वाचावी. सुट्या मिठाईच्या ताटाला तर ओळही नसते आणि चिन्हही नसते.

घरातही शिस्त लागली. सईची कढई, झारा, पोळपाट-लाटणे, चाळणी निराळी. तळण असेल तर आधी ताज्या तेलात तिचे, मग इतरांचे. मामंजींनी चहा पिऊन सईचा पापा घेतला आणि तिच्या गालावर मिशीच्या आकाराची गांध उठली. तेव्हापासून ते चहानंतर आधी मिशा धुतात आणि मग नातीला हाक मारतात. सत्यनारायणाच्या पूजेला पंचामृताचा प्रश्न आला, तेव्हा गुरुजींनी तुळशीपत्र घातलेले पाणी तिच्या तळहातावर दिले आणि म्हणाले, “हेही तीर्थच!”

एक जिलबी

एवढे करूनही जे व्हायचे ते सई सव्वातीन वर्षांची असताना झाले. नात्यातल्या एका मुंजीला आम्ही गेलो होतो. सईचा डबा बरोबर होता आणि ती पंगतीत मामंजींच्या शेजारी बसून तोच खात होती. पलीकडे दूरच्या नात्यातल्या एक वयस्कर मावशी होत्या. त्यांना सईचे दुधाचे माहीत होते. म्हणूनच त्यांनी बासुंदी दिली नाही. “पोरीच्या पानात काहीच गोड नाही,” या कळवळ्याने त्यांनी आपल्या पानातली अर्धी जिलबी मोडून तिच्या तोंडात घातली. जिलबीत कुठले आले दूध? मैदा आणि साखरेचा पाक!

पण जिलबीचे पीठ आंबवतात ते बहुतेक दह्यात, आणि कार्यालयातली ती जिलबी तळली होती तुपात. पाच मिनिटांत सई खोकू लागली. आवाज घोगरा झाला, गांधी उठल्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, आणि मग जी गोष्ट मला सर्वांत भयंकर वाटली ती झाली. ती रडायची थांबली.

अशा वेळी काय करायचे हे डॉक्टरांनी आम्हा चौघांना संत्र्यावर सुई टोचून शिकवले होते. सईच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेला कागद आणि अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन असलेली पेटी कायम माझ्या पिशवीत असते. ह्यांनी तिच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिले. मी तिला आडवे धरून पाय उशीवर ठेवले. मामंजींनी १०८ला दूरध्वनी केला. पाच-सात मिनिटांत तिच्या गालाला रंग आला आणि तिने मोठ्यांदा भोकाड पसरले. त्या कार्यालयात त्या दिवशी सनईपेक्षा गोड आवाज तोच होता! नंतर रुग्णालयात तिला रात्रभर ठेवून घेतले, कारण पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी दुसरी येऊ शकते.

डॉक्टरांनी आम्हाला बजावले होते ते इथे लिहून ठेवते. अंगाची खाज घालवणाऱ्या गोळ्या-औषधे या प्रसंगी पुरत नाहीत. श्वास, आवाज किंवा शुद्ध यांत फरक पडला, की पहिले औषध अ‍ॅड्रेनलिन, आणि तेही ताबडतोब. ‘थोडं थांबून बघू’ हे या दुखण्यात चालत नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात आल्या. दारातच उभ्या राहिल्या. “माझा हात झडला का नाही गं,” एवढेच म्हणून रडू लागल्या. मी काय बोलणार? ज्या हाताने नातवंडांना आयुष्यभर गोड भरवले, तो हात सहज पुढे झाला होता. सासूबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतले. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मावशींचा दूरध्वनी आला, आणि चार दिवसांनी तिळगुळाच्या वड्यांचा एक डबा. झाकणावर थरथरत्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, ‘तीळ, गूळ, खोबरे, वेलदोडा. नवी कढई. थाळ्याला खोबरेल लावले आहे. दुसरे काही नाही.’ ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

वाटून खावे की नाही?

बालवाडीत घालताना निराळाच पेच. आपण मुलांना शिकवतो, वाटून खावे. सईला मात्र शिकवावे लागले, वाटून खाऊ नये! तिथल्या ताईंनी यातून सुरेख मार्ग काढला. ‘खेळणी सगळ्यांची, डबा आपापला’ असा नियम त्यांनी सगळ्या वर्गालाच लावला, म्हणजे सई एकटी निराळी पडत नाही. जेवणाआधी आणि नंतर सगळी मुले साबणाने हात धुतात. ताईंच्या कपाटात सईची पेटी आणि मोठ्या अक्षरांतला कागद असतो. तिला काय चालत नाही, त्रासाची खूण कोणती, इंजेक्शन कसे द्यायचे, कोणाला कळवायचे, अशा चारच ओळी. वाढदिवसाला वर्गात केक येतो तेव्हा तिच्यासाठी ठेवलेल्या डब्यातून राजगिऱ्याची वडी निघते.

एकदा मात्र घरी आल्यावर तिने विचारले, “आई, मी मोठी झाल्यावर पेढा खाईन?” मी खोटे आश्वासन देत नाही. “डॉक्टरकाका बघतील, मग सांगतील,” असे म्हणाले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मग तोवर मी दुसऱ्यांना देईन.” खरोखरच आता आमच्याकडे पेढे वाटायचे काम तिचेच. बंद खोका हातात धरून ती पुढे करते, आणि आतला पेढा ज्याने त्याने उचलायचा.

शिडीच्या पायऱ्या

आशा आहे, आणि ती पोकळ नाही. दुधाचे वावडे असलेल्या मुलांपैकी निम्मी मुले पाच वर्षांच्या सुमारास त्यातून बाहेर पडतात. उरलेल्यांतली पुष्कळशी पुढे वयात येईपर्यंत. सईचा आयजीईचा आकडा गेली दोन वर्षे उतरतो आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला रुग्णालयात बोलावून, शेजारी सगळी तयारी ठेवून, थोडे दूध घालून भट्टीत भाजलेला बनपाव दिला. आधी तांदळाएवढा कण, मग वाटाण्याएवढा, असे करत तासातासाने वाढवत नेले. संध्याकाळपर्यंत अर्धा बन पोटात गेला आणि काहीही झाले नाही!

याचे कारण असे, की १८० अंशांवर अर्धा तास भाजल्यावर दुधातल्या काही प्रथिनांचा आकार बदलतो, ती गव्हाच्या पिठात गुंतून पडतात आणि पहारेकऱ्याला नीट ओळखू येत नाहीत. दुधाचे वावडे असलेल्या बहुसंख्य मुलांना असे भाजलेले दूध चालते. मग पायरी-पायरीने वर जायचे. आमची पुढची पायरी तव्यावरची, म्हणजे आपली दुधात भिजवलेली दशमी. त्यापुढे कितीतरी पायऱ्यांनी दही, आणि अगदी वरती कच्चे-उकळलेले दूध. काही मुलांना ही शिडी घरी चढू देतात; सईला एकदा जोराचा झटका येऊन गेल्यामुळे तिची प्रत्येक नवी पायरी रुग्णालयातच. दशमीची तारीख डिसेंबरातली आहे. सासूबाईंनी डॉक्टरांना दशमीचे माप विचारून घेतले आहे आणि त्या आतापासून सराव करताहेत. ती चढेल की तिथेच थांबेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. थांबली तरी आम्ही थांबणार नाही.

फराळाच्या ताटाशी

यंदाचा आमचा फराळ तयार आहे. चिवडा, शेव आणि चकली तेलातली. चकलीच्या भाजणीत लोण्याऐवजी कडकडीत तेलाचे मोहन घातले आहे. करंजीत खवा नाही, ओले खोबरे; तिचा साटा खोबरेल आणि तांदळाच्या पिठीचा. शंकरपाळ्यांचे पीठ दुधाऐवजी साखरेच्या पाण्यात भिजवले. बेसनाच्या लाडवांनी मात्र दोन वर्षे दाद दिली नाही. वनस्पती तूप चालले असते, पण ते प्रकृतीला बरे नव्हे. शेवटी खोबरेल तेलात मंद आचेवर बेसन भाजून लाडू वळले. पहिला मामंजींनी चाखला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साजूक तुपाची सर नाही. पण सई खाते आहे म्हटल्यावर मला गोड लागतो.”

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या दारी कोणाचे तरी छोटे मूल येईल. त्याच्या हातावर लाडू ठेवण्याआधी त्याच्या आईला एकदा विचाराल का, “याला सगळं चालतं ना?” आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर आग्रह करू नका, ‘एवढ्याशानं काय होतंय’ असे म्हणू नका. तुमच्या त्या एका प्रश्नाने तिच्या खांद्यावरचे केवढे ओझे उतरते, ते मी सांगते. त्या मुलाच्या हातावर एखादे फूल ठेवा, फुलबाजी द्या, पाठीवरून हात फिरवा. गोडी काही फक्त पेढ्यातच नसते.

तुम्हा सर्वांना ही दिवाळी सुखाची, आरोग्याची जावो!